कलम नऊ : स्वतंत्र स्वयंपाक

पत्र मंगळवारी आलं आणि बुधवारी दुपारपर्यंत घरात तीन स्वयंपाकघरं उभी राहिली.

पत्रात फार काही नव्हतं. एकरी मदत घेणाऱ्या कुटुंबांची गुरुवारी प्रत्यक्ष तपासणी होईल, कलम नऊप्रमाणे प्रत्येक कुटुंबाचा स्वयंपाक स्वतंत्र असल्याची खात्री करण्यात येईल, सहकार्य करावे. थोरल्यानं ते तीनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सगळ्यांना हाक मारली.

"आपण तीन कुटुंबं आहोत," तो म्हणाला. "हे सगळ्यांना ठाऊक आहे ना?"

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

"सात वर्षांपासून, आबा. तुम्हीच सही केलीत."

"मी तू पुढं सरकवलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो. परवा तर पेपरवाल्याच्या बिलावर केली."

ही मदत म्हणजे काय ते एकदा सरळ सांगायला हवं, कारण सरकारनं ते कधीच सरळ सांगितलेलं नाही. शेत असेल त्याला एकरामागे पैसे. शेतात राबतो त्याला नव्हे; शेत ज्याच्या नावावर, त्याला. ज्याचं जास्त त्याला जास्त. मग कधीतरी वरच्या कुणाला थोडी लाज वाटली आणि मर्यादा आली, की एका कुटुंबाला फक्त वीस एकरांपुरते. त्या आठवड्यात भागातल्या सगळ्या मोठ्या घरांत वाटण्या झाल्या. ना भांडण, ना रडारड, ना एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. नदीपलीकडच्या गिरणीवाल्याच्या सहाशे एकरांची तीस कुटुंबं झाली. त्यांत एक पाळण्यातली नात होती आणि एक परदेशातली मावशी, जिनं शेत विमानातून पाहिलं असलं तर असलं. या घराचे साठ एकर. तीन भाऊ, वीस त्रिक साठ. हिशेब इतका सुबक बसला की थोरल्याला त्यात देवाचा हात दिसला.

बँकेत खाती तीन झाली, नवरा-बायकोच्या जोड नावानं. पासबुकं मात्र एकाच कपाटात राहिली, थोरल्याच्या, आणि कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला.

मधलीला, म्हणजे मधल्या भावाच्या बायकोला, हे ठाऊक होतं. दर वर्षी एकदा तिला मोरीपासून उठवून, हात पुसायला लावून सहीला बोलावलं जायचं. कुठं करायची तिथं थोरला बोट ठेवायचा. वर काय लिहिलंय ते त्याच्या तळहाताखाली असायचं.

तर आता स्वयंपाकघरं. मोठं अर्थातच थोरलीकडं राहिलं. धाकटी परिचारिका, तिला माडीवरची गॅलरी मिळाली. आणि मधलीला दुधाची खोली. अंगणाच्या पलीकडं, गोठ्याला लागून. दूध आता टँकर थेट नेत असल्यामुळं तिथं गळके कॅन आणि एक मांजर यांच्याशिवाय कुणी राहत नव्हतं.

मग भांडी. विजेचे मीटर वेगळे दाखवायला वायरमन दीड तासात तयार झाला, पण भांड्यांना अख्खी दुपार गेली. थोरली एकेक पातेलं असं देत होती, जणू दाढ उपटून देतेय.

"हे नेलंस तरी झाकण ठेव," ती धाकटीला म्हणाली.

"वहिनी, झाकणाशिवाय पातेलं घेऊन काय करू? डोक्यावर घालू?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या बाई गेल्या की सगळं इथं परत. मोजून देतेय मी."

थोरला दारात उभा राहून यादी करत होता. मधलीशी तो सरळ बोलत नसे. अबोला नव्हता, पद्धतच तशी पडली होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासून. ती समोर असली तरी तो तिच्या नवऱ्याला सांगायचा.

"तुझ्या बायकोला सांग, तिला एक तवा आणि दोन वाट्या पुरतील."

"तुला एक तवा आणि दोन वाट्या पुरतील म्हणतो दादा," नवरा म्हणाला.

"ऐकलं मी. मी इथंच उभी आहे," मधली म्हणाली. "मला काहीच नको म्हणावं."

थोरल्यानं यादीवर आनंदानं काट मारली.

मोठ्या स्वयंपाकघरात जागा ठरलेल्या होत्या. शेगडीपुढं थोरली. ओट्याच्या टोकाला धाकटी, ती ड्युटीच्या नावाखाली निम्मे दिवस निसटायची. मोरीपाशी मधली. सोलणं, चिरणं, घासणं. अठरा वर्षांत तिनं आठ माणसांसाठी सोललेल्या बटाट्यांचा ढीग केला असता तर तो गोठ्याच्या छपराला टेकला असता. पण त्यातल्या एकाही भांड्यात तिनं मीठ घातलं नव्हतं. मीठ थोरली घालायची. एकदा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तिनं चमचा उचलला होता. थोरलीनं काही न बोलता तो हातातून काढून घेतला होता. एवढंच. सांगायला गेलं तर त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तिनं कुणाला सांगितलंही नाही.

बुधवारी तिनं दुधाच्या खोलीच्या फरश्या सोडा टाकून घासल्या, मांजराला हाकललं, खिडकी उघडली. मग पलंगाखालची पेटी ओढत आणली. नवऱ्याला वाटत होतं तीत लोकरीचे कपडे आहेत. तिनं एकेक वस्तू कागदातून सोडवली. जाड बुडाची कढई. निळ्या कडेची चार ताटं. लाकडी मुठीची सुरी. झाऱ्या. मिठाची बरणी, घट्ट बुचाची. शेवटी दोन बर्नरची शेगडी निघाली, तेव्हा नवरा खाली उकिडवाच बसला.

"हे कधी घेतलंस?"

"वर्षाला एखादं. शेगडी दोन वर्षं अंडी विकून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही दादांना सांगितलं असतंत."

त्यानं शेगडीचं दुसरं टोक उचललं. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला लागतो तेवढा कणाही थोरल्यानं त्याच्यात ठेवला नव्हता.

गुरुवारी दहा वाजता तपासणीस बाई आल्या. पन्नाशीच्या, चिखलाचे बूट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात एक टॅब. त्याची काच एका कोपऱ्यात फुटलेली. थोरल्यानं मोटारीपर्यंत जाऊन दार उघडलं.

"चहा घेऊ या, मॅडम?"

"आधी शेत. चहा घेतला की मला सगळी शेतं सारखी दिसतात."

दोन तास त्यांनी थोरल्याला बांधाबांधानं फिरवलं. परत आल्या तेव्हा त्याच्या नव्या बुटांची रया गेली होती. मग स्वयंपाकघरं सुरू झाली. मधली दुधाच्या खोलीच्या दारातून बघत होती. अंगण मधे असलं तरी या घरातलं बोलणं पलीकडच्या वाडीला ऐकू जायचं.

"किती माणसं तुम्ही?" बाईंनी मोठ्या स्वयंपाकघरात विचारलं.

"दोघंच. हे आणि मी," थोरली म्हणाली. "आणि सासू-सासरे आमच्यात."

"चार माणसांना हे पातेलं? यात वासरू बसेल."

"आम्हाला भूक जास्त आहे."

माडीवर धाकटीची अवस्था त्याहून बिकट होती. तिच्या तव्यावर किमतीचं लेबल होतं, आणि गॅसची नळी सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हती, वीतभर अलीकडं लोंबत होती.

"स्वयंपाक कशावर करता?"

"मी सध्या डाएटवर आहे, मॅडम."

"आणि तुमचे मिस्टर?"

"त्यांनाही ठेवलंय."

धाकटा तेवढ्यात जिन्यावर आला, हातात थोरलीच्या डब्यातला अर्धा खाल्लेला लाडू. बाईंनी लाडवाकडं पाहिलं. धाकट्यानंही पाहिलं, जणू तो कुठून आला हे त्यालाच कोडं पडलंय.

साडेबाराला बाई दुधाच्या खोलीत शिरल्या आणि न विचारता खुर्चीवर बसल्या. शेगडीवर कढई होती. कांदा तांबूस झाला होता, वर बटाट्याच्या फोडी. मधली ढवळत राहिली, कारण थांबलं असतं तर लागलं असतं.

"पाणी?"

"नळ आहे. बाहेरचा पाइप मी आत घेतला."

"कधीपासून इथं करता?"

खोटं तोंडावर आलं होतं. थोरल्यानं पाठ करून घेतलेलं, सात वर्षं. मधलीनं बाईंच्या बुटांकडं पाहिलं.

"मनातल्या मनात अठरा वर्षं," ती म्हणाली. "शेगडी पेटवून दोन दिवस."

बाई टॅबवर काहीतरी दाबता दाबता थांबल्या. मग हसल्या, चेहऱ्याची सवय मोडल्यासारख्या.

"असं कुणी सांगत नाही हो. गेल्या महिन्यात चाळीस घरं पाहिली. चाळीसही ठिकाणी सात वर्षं. एका ठिकाणी तर नव्या फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलवर बसून सांगितलं."

"गिरणीवाल्याकडं गेला होतात?"

"नाही."

"त्यांची तीस आहेत."

"ठाऊक आहे. तिथं आमचे साहेब जेवतात. मला साठ एकरवाले देतात." बाईंनी कढईकडं पाहिलं. "राग आला तर येऊ द्या. मला रोज येतो."

मधलीला राग आला. बाईंवर नव्हे. पण हातात झारा होता आणि समोर बटाटे होते, म्हणून तिनं बरणीचं बूच काढलं आणि मीठ घातलं. स्वतःच्या अंदाजानं.

आणि नेमका तेव्हा एक वाजला.

या घरात आंब्याच्या फांदीला जुन्या नांगराची लोखंडी तबकडी टांगलेली होती. रोज एकला आबा तिच्यावर पाना मारायचे आणि जो जिथं असेल तिथून जेवायला यायचा. गेली पन्नास वर्षं. आजारपणात वाजवली, पुरात वाजवली, स्वतःच्या भावाला स्मशानात पोचवून आल्यावरही वाजवली. आज तबकडीपासून लांब राहा असं थोरल्यानं त्यांना चारदा बजावलं होतं. पण मनगटावरच्या घड्याळात एक वाजला आणि हात आपोआप पान्याकडं गेला.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

खिडकीतून दोघींनी पाहिलं. माडीवरून धाकटी केस बांधत उतरली. डाएटवाला धाकटा ट्रॅक्टरवरून उडी मारून तिच्या पुढं पळाला. सगळे एकाच नळावर ओळीनं हात धुवायला उभे राहिले, एकमेकांवर पाणी उडवत, आणि एकाच दारातून आत शिरायला लागले. थोरला सगळ्यात पुढं होता. उंबऱ्यावर पाय पडल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो तसाच, एका पायावर, वळून दुधाच्या खोलीकडं बघायला लागला. मागून धाकटा त्याच्यावर आदळला.

मधलीचा नवराही नळावर होता. त्याचेही हात ओले होते. त्यानं मोठ्या दाराकडं पाहिलं, मग अंगणापलीकडच्या खिडकीकडं. पाणी कोपरांवरून गळत होतं. मग अंगण ओलांडून आला, बाईंना नमस्कार केला आणि निळ्या कडेच्या ताटापुढं बसला.

"हे तुमचे?" बाईंनी विचारलं.

"आजपासून असावेत," मधली म्हणाली.

बाईंनी चहा घेतलाच नाही. मोटारीपाशी उभं राहून त्यांनी निकाल सांगितला. या घरात कुटुंबं दोन. एक दुधाच्या खोलीतलं, एक उरलेल्या सगळ्यांचं. दोघांना वीस-वीस एकरांची मदत. पुढची तपासणी वर्षभरात कधीही, आणि आता पत्र येणार नाही.

मोटार फाटकाबाहेर जाईपर्यंत थोरला हसत हात हलवत होता. मग हसू विझलं.

"आबा! एक दिवस! फक्त एक दिवस!"

"एक वाजला होता," आबा म्हणाले.

"वीस एकरांचे पैसे गेले!"

"मग ठोका उद्यापासून तूच मार. तुला वेळेचं भान जास्त."

"आबांना कशाला बोलता?" धाकटी उसळली. "सगळ्यात आधी दाराशी कोण होतं?"

"तुझ्या तव्यावर लेबल होतं!"

"तुमच्या बायकोनं झाकणं दिली नाहीत, ते?"

"आता माझ्यावर आणा," थोरली म्हणाली. "पळत कोण आलं? दोघं डाएटवर आहात ना, मग लाडू कसा चालतो?"

धाकट्यानं भीतभीत विचारलं, "म्हणजे दुसऱ्या वीस एकरांत आमचं किती?" त्या प्रश्नाचं उत्तर कपाटात होतं. धाकटी नवऱ्याकडं बघायची थांबली आणि थोरल्याच्या कमरेच्या किल्लीकडं बघायला लागली. सकाळपर्यंत या अंगणात एकच बाजू होती. आता किती झाल्या ते मोजायला तपासणीस बाईच परत बोलवायला हव्या होत्या.

थोरल्याला ते कळलं. तो आवाज उतरवून मधलीच्या नवऱ्याकडं वळला.

"जे झालं ते झालं. चाळीस एकरांचे तरी येतील. तुझ्या बायकोला सांग, शेगडी तिथं राहू दे. तपासणी कधीही होईल, दाखवायला बरी. पण जेवण इथं. उद्या सकाळी मोरीपाशी यायला सांग. पासबुक आहे तिथं बरं आहे."

नवरा मधलीकडं वळला. तोंड उघडलं. अठरा वर्षांची सवय, शब्द जिभेवर तयार होते. पण तो परत भावाकडं वळला.

"दादा, तूच सांग ना तिला. ती इथंच उभी आहे."

थोरल्यानं मधलीकडं पाहिलं. "तू..." तो म्हणाला आणि अडकला. पुढं काय म्हणतात ते त्याला माहीतच नव्हतं.

"बोला, दादा," मधली म्हणाली.

"तू... म्हणजे असं आहे की... घर म्हणून एक असतं."

"असतं. त्याला कलम नऊ आहे." तिचा आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला. "दाखवायला मी शेगडी पेटवणार नाही. पेटली ती पेटली. जेवण आमचं तिकडं. गाईंच्या धारा मी काढते, पुढंही काढीन, शेत एकत्रच राहू द्या. पण पासबुक माझ्याकडं येईल."

"आणि नाही दिलं तर?"

"पुढच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. एक माझी आहे. बोट कुठंही ठेवा."

धाकटी हसली. पदरात तोंड लपवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं. थोरला पाय आपटत आत गेला आणि मागून थोरली.

चार वाजता दुधाच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. मधलीला आधी कळलंच नाही कसला आवाज आहे. या घरात कुणी कुणाच्या दारावर कधी वाजवलं नव्हतं. बाहेर सासूबाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात पासबुक.

"आत येऊ का गं?"

"आई, विचारता काय? या ना."

सासूबाई आल्या, खुर्चीवर टेकल्या, भिंतीपासून छतापर्यंत सगळं नजरेखालून घातलं. बाहेर आंब्याखाली थोरला उभा होता, वरच्या फांद्या बघितल्यासारखं करत.

"त्यानं मला पाठवलंय, तुला समजावायला."

"मग समजावा."

"समजावलं." त्यांनी पासबुक टेबलावर ठेवलं. "चूल बंद केलीस तर हे तुझं, असं म्हणाला."

"आणि नाही केली तर?"

"तर मी ते परत न्यायचं." सासूबाईंनी गुडघा चोळला. "पण अंगण केवढं लांब आहे बघ. येताना आणलं कसंबसं. आता परत एवढं ओझं मला काही झेपायचं नाही."

मधलीनं पासबुकाकडं पाहिलं. हात मात्र लावला नाही. घाई केली तर उडून जाईल असं वाटलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल, आई. घर मोडलं म्हणून."

"घर? मला वाईट याचं वाटलं, की मला हे सुचलं नाही." म्हातारी खिडकीबाहेर बघत बोलत होती, हवापाण्याबद्दल बोलावं तशी. "मी आले तेव्हा स्वयंपाकघर सासूचं होतं. ती गेली तोवर माझे हात थरथरायला लागले होते, मग ते थोरलीचं झालं. मधे माझं किती दिवस होतं, मला आठवत नाही. असलं तर त्या आठवड्यात मी झोपले असेन."

"काय करू तुमच्यासाठी?"

"अं?"

"खायला. तुम्हाला काय आवडेल?"

सासूबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू फॉर्म भरायला दिलाय. बोटं काठीवर वाजली. शेगडीवरचं पाणी उकळून अर्धं झालं. मधलीनं त्यात आणखी ओतलं आणि वाट पाहत राहिली.

"आई!" आंब्याखालून थोरल्यानं हाक मारली. "झालं का बोलून? ऐकतेय का ती?"

"अजून नाही!" सासूबाई ओरडल्या, त्या देहात एवढा आवाज कुठून आला देव जाणे. "मधे मधे बोलू नकोस! खूप वेळ लागणार आहे!"

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्ची शेगडीजवळ ओढली.